संत निकोलस : नाव न सांगता देणारे बिशप



आगमनकाळ सुरू झाला की घरोघरी गोठ्याची तयारी सुरू होते आणि लहान मुलांना सांताक्लॉजचे वेध लागतात. मागच्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात चौथीतल्या एका मुलीने आम्हाला निरुत्तर केले. नाताळाच्या आधीच तिला आईच्या कपाटात सांताची भेट सापडली होती. सांता खरा नसेल तर बाळ येशूची गोष्टही तशीच का, असे तिने विचारले. आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण ते मनाला लागून राहिले. येत्या ६ डिसेंबरला संत निकोलस यांचा सण आहे. त्या निमित्ताने तिला द्यायचे राहिलेले उत्तर आज देत आहोत.

संत निकोलस हे चौथ्या शतकात मायरा या शहराचे बिशप होते. आज तुर्कस्तानात असलेले हे ठिकाण देमरे या नावाने ओळखले जाते. रोमला कैदी म्हणून जाताना संत पॉल यांनी याच मायरा येथे जहाज बदलले होते, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात आपण वाचतो. परंपरेनुसार निकोलस यांचा जन्म जवळच्या पातारा या बंदरगावी सधन घरात झाला. आईवडील लवकर वारले आणि मोठी संपत्ती या तरुणाच्या हाती आली. तिचे काय करायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

त्याच गावात एक गृहस्थ कंगाल झाला होता. त्याला तीन उपवर मुली होत्या. हुंड्याला पैसा नाही, म्हणून लग्ने होत नव्हती. अखेर मुलींना देहविक्रयाच्या मार्गाला लावण्याचा विचार त्याच्या मनात आला. निकोलस यांच्या कानी हे आले. एका रात्री त्यांनी सोन्याच्या नाण्यांची थैली त्या घराच्या खिडकीतून आत टाकली आणि ते निघून गेले. थोरलीचे लग्न झाले. काही काळाने दुसरी थैली आली आणि दुसरीचेही लग्न झाले. तिसऱ्या वेळी बाप जागा राहिला आणि धावत जाऊन त्याने देणाऱ्याला गाठले. निकोलस यांनी त्याच्याकडून वचन घेतले, की आपण जिवंत असेपर्यंत हे कोणालाही सांगायचे नाही.

बिशप झाल्यावरही त्यांची दृष्टी गरिबांवरच राहिली. त्यांच्याविषयीच्या सर्वांत जुन्या कथेत भेटवस्तू नाहीत. लाच खाल्लेल्या एका सुभेदाराने तीन निरपराध माणसांना मृत्युदंड दिला होता. बातमी कळताच निकोलस वधस्तंभाकडे धावले, जल्लादाच्या हातातली तलवार त्यांनी हिसकावून घेतली आणि सुभेदाराला त्याचा अन्याय तोंडावर सांगितला. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात त्यांनी तुरुंगवास सोसला, असेही परंपरा सांगते.

त्यांच्या चरित्रातील प्रत्येक प्रसंग इतिहासाच्या कसोटीवर सिद्ध करता येणार नाही, कारण ती चरित्रे त्यांच्यामागून बऱ्याच काळाने लिहिली गेली. तरी सहाव्या शतकातच कॉन्स्टँटिनोपल शहरात सम्राट जस्टिनियन यांनी त्यांच्या नावाचे मंदिर उभारले होते. १०८७ साली इटलीतील बारी शहरच्या खलाशांनी त्यांचे अवशेष मायराहून आपल्या गावी नेले. तेथील बॅसिलिकात आजही कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स भाविक एकाच कबरीपाशी प्रार्थना करतात. १९६९ साली उपासना दिनदर्शिकेत बदल झाला तेव्हा त्यांचा सण ऐच्छिक स्मरणदिन करण्यात आला. ते संत नाहीत, असे ख्रिस्तसभेने कधीही म्हटलेले नाही.

मग सांता कुठून आला? हॉलंडमधील मुले ५ डिसेंबरच्या सुमारास या बिशपांच्या नावाने बूट मांडून ठेवत आणि सकाळी त्यात खाऊ सापडे. डच भाषेत त्यांना सिंटरक्लास म्हणतात. अमेरिकेत त्याचेच सांताक्लॉज झाले. १८२३ साली तेथील एका वृत्तपत्रात छापलेल्या कवितेने त्याला आठ रेनडिअरांची गाडी दिली. १८६३ पासून थॉमस नास्ट या चित्रकाराने त्याला रूप दिले आणि १९३१ पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी त्याचे लठ्ठ, हसरे चित्र जगभर पोहोचवले. बिशपांची टोपी गेली, हातातला दंड गेला आणि ज्याच्यासाठी ते देत होते तो प्रभूही चित्रातून बाहेर राहिला.

म्हणून त्या मुलीला आम्ही आज सांगू, की बाळा, रेनडिअरच्या गाडीतला म्हातारा हा मोठ्यांनी मुलांसाठी मांडलेला प्रेमाचा खेळ आहे. पण त्या खेळामागचा बिशप खरा होता. त्याने आपले सोने ज्याच्या प्रेमापोटी वाटले, तो येशू तर बिशपाहूनही आधीचा आणि खरा आहे. गोठ्यातले बाळ हा खेळ नाही.

पालकांना आमची एक विनंती आहे. मूल जेव्हा मनापासून विचारते तेव्हा त्याला फसवू नका. त्या दिवशी त्याच्यावर हसूही नका. त्याला संत निकोलस यांची गोष्ट सांगा आणि आता तू मोठा झालास, तेव्हा देणाऱ्यांच्या बाजूला ये, असे म्हणा. वाडीत एखाद्या घरी आजारपण असेल, कोणाचे काम सुटले असेल, एखादी आजी एकटी राहत असेल. मुलाला बरोबर घेऊन तेथे काहीतरी पोहोचवा आणि नाव मात्र सांगू नका. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शिकवलेले गुप्त दान मुलाला असे हाताने शिकता येईल. ज्याने स्वतः गुपचूप दिले आहे, त्याला कपाटात सापडलेल्या भेटीचे दुःख फार दिवस राहत नाही.

संत निकोलस, आमच्या मुलांसाठी आणि आम्हा मोठ्यांसाठी विनंती करा.