गार्सिया द ओर्ता : गोव्यातील वैद्य आणि मशीहाविषयीचा मतभेद

आपल्या धर्मप्रांतातील हिंगोली जिल्ह्याच्या भाविकांना हळदीची ओळख करून देण्याची गरज नाही. वसमतच्या हळदीचा लौकिक दूरवर पोहोचला आहे. याच हळदीविषयी एका पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवले. त्यांचे नाव गार्सिया द ओर्ता. औषधी वनस्पतींचे अभ्यासक म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. आज आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत ते मात्र वेगळ्या कारणासाठी.

गार्सिया यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विद या गावी झाला. त्यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाली, तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आश्रयास आले. परंतु १४९७ साली तेथील राजाने यहुद्यांवर स्नानसंस्काराची सक्ती केली. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. त्यांच्याकडे समाज कायम संशयानेच पाहत असे.

सालामांका व आल्काला येथे शिक्षण घेऊन गार्सिया यांनी काही काळ लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. १५३४ साली ते गोव्यास आले आणि अखेरपर्यंत भारतातच राहिले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे ते वैद्य होते. आपल्या मराठवाड्यातील दौलताबाद त्या काळी याच निजामशाहीत होते. मुंबई बेट त्यांना पोर्तुगीज सत्तेकडून खंडाने मिळाले होते. त्यांच्या ग्रंथात आंबा, हिंग, हळद अशा अनेक पदार्थांची माहिती असून पटकीच्या रोगाचे वर्णनही आहे. पुस्तकी ज्ञानापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर त्यांचा भर असे.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय स्थापन झाले. १५६८ साली गार्सिया मरण पावले, तोवर त्यांना कोणी हात लावला नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र नातलगांची चौकशी झाली. त्यांची बहीण कातारिना हिला १५६९ साली गोव्यात जिवंत जाळण्यात आले. गार्सिया खाजगीत मोशेचे नियमशास्त्रच खरे मानीत, संदेष्ट्यांची भाकिते अजून पूर्ण झालेली नाहीत आणि येशू देवाचा पुत्र नव्हे असे म्हणत, अशी साक्ष नोंदविली गेली. १५८० साली त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ही साक्ष भीतीच्या छायेत दिलेली होती. त्यांच्या अंतःकरणात काय होते हे परमेश्वरच जाणे.

त्या साक्षीत उल्लेखिलेला मतभेद मात्र खरा आणि गंभीर आहे. यहुदी श्रद्धेनुसार परमेश्वर एकच असून तो मानवी देह धारण करीत नाही. मशीहा हा दाविदाच्या वंशातील मनुष्य असेल; तो इस्राएलला एकत्र करील आणि जगात शांती आणील. जगात अजून युद्धे आहेत, म्हणून तो अद्याप यायचा आहे असे ते मानतात. देवाशी झालेला करार पाळणे आणि पापापासून मागे फिरणे हा त्यांचा मार्ग आहे. त्यासाठी मध्यस्थाच्या बलिदानाची त्यांना गरज वाटत नाही. आपण मात्र मानतो की, नासरेथकर येशू हाच मशीहा, देहधारी झालेला देवपुत्र आहे. त्याच्या क्रुसावरील मरणाने व पुनरुत्थानाने आपले तारण झाले आणि त्याच्या पुनरागमनाने देवराज्य पूर्णत्वास जाईल. हा भेद झाकून संवाद साधता येत नाही.

परंतु हा भेद अग्नीने मिटविण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. प्रथम सक्तीने स्नानसंस्कार द्यायचा आणि नंतर त्याच संस्काराच्या आधारे त्या घराण्याला पाखंडी ठरवायचे, हा घोर अन्याय होता. श्रद्धा हा देवाला दिलेला मुक्त प्रतिसाद असून तिच्यात सक्तीला स्थान नाही, असे द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली निःसंदिग्धपणे शिकविले. त्याच वर्षी प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादणे परिषदेने अमान्य केले आणि यहुदीद्वेषाबद्दल खेद व्यक्त केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या अशा पापांबद्दल देवाची क्षमा मागितली.

प्रभू येशू, पवित्र मरिया आणि प्रेषित हे सारे यहुदीच होते. संत पौलाच्या शिकवणीप्रमाणे देवाने त्या लोकांना दिलेले पाचारण मागे घेतलेले नाही. वसमतची हळद हाती घेताना गार्सिया आणि कातारिना या भावंडांसाठी एक प्रार्थना करावी, आणि शेजारी आपल्यासारखा विश्वास ठेवीत नसला तरी त्याच्यासमोर प्रभूची साक्ष प्रेमानेच द्यावी, एवढेच आम्ही सुचवितो.