गुलामांतून गुरू घडविणारे एडन

राजाने धर्म बदलला म्हणून प्रजेचा धर्म एका दिवसात बदलू शकतो. परंतु तो धर्म लोकांच्या घरात टिकेल की नाही, हे राजाच्या इच्छेवर ठरत नाही. इंग्लंडच्या इतिहासात याचे मोठे बोधप्रद उदाहरण सापडते.

सातव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर भागात नॉर्थम्ब्रिया नावाचे राज्य होते. तेथील राजा एडविन याने इ. स. ६२७ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. राजाच्या मागोमाग सरदार आले, प्रजा आली. पॉलिनस नावाचे धर्मोपदेशक एका ठिकाणी ३६ दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नदीच्या पाण्यात लोकांना बाप्तिस्मा देत होते. एवढी गर्दी लोटली होती. पण इ. स. ६३३ मध्ये एडविन लढाईत मारला गेला आणि सारे चित्र पालटले. राज्याचे दोन तुकडे झाले. गादीवर आलेल्या दोन्ही राजांनी नवा धर्म टाकून दिला व जुन्या देवतांची पूजा पुन्हा सुरू केली. पॉलिनस राणीला घेऊन दक्षिणेकडील केंट राज्यात निघून गेले. त्यांचा जेम्स नावाचा सहकारी तेवढा मागे राहून शिकवीत राहिला. आणि ज्या उत्तरेकडील प्रदेशात ३६ दिवस बाप्तिस्मा चालला होता, त्या प्रदेशात तोवर एकही चर्च उभे राहिले नव्हते, अशी नोंद बीड या इतिहासकाराने केली आहे.

या पडझडीनंतर जो माणूस तेथे आला, त्याचे नाव एडन. ते आयर्लंडचे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आयोना नावाचे लहानसे बेट आहे. तेथे कोलंबा या आयरिश साधूने इ. स. ५६३ मध्ये मठ स्थापन केला होता. एडन हे त्याच मठातील साधू होते.

इ. स. ६३४ मध्ये ऑस्वाल्ड हा नॉर्थम्ब्रियाचा राजा झाला. तरुणपणी राज्याबाहेर परागंदा असताना त्याला आयरिश लोकांनी आश्रय दिला होता आणि त्यांच्याकडूनच त्याने दीक्षा घेतली होती. म्हणून त्याने आयोनाच्या मठाकडे एक उपदेशक मागितला. मठाने प्रथम ज्याला पाठविले तो फार कडक स्वभावाचा निघाला. लोक त्याचे ऐकेनात. तो परत गेला आणि ही माणसे अडाणी, हट्टी व रानटी आहेत, त्यांना शिकविणे अशक्य आहे, असे त्याने मठाच्या सभेत सांगितले.

सभेत एडन बसले होते. त्यांनी दोष लोकांवर ठेवला नाही, शिकविणाऱ्यावर ठेवला. तान्ह्या मुलाला आधी दूध द्यावे लागते, जड अन्न नंतर. तसेच नव्याने आलेल्या लोकांना आधी सोपे सांगावे आणि मग हळूहळू वर न्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. सभेला ते पटले. तिने त्यांनाच बिशप करून पाठविले.

इ. स. ६३५ मध्ये एडन नॉर्थम्ब्रियात आले. राजाने त्यांना लिंडिसफार्न हे बेट दिले. भरतीच्या वेळी या बेटाला चोहोबाजूंनी समुद्र वेढतो आणि ओहोटीला वाळूवरून पायी जाता येते. राजाचा किल्ला जवळच होता, पण एडन किल्ल्यात राहिले नाहीत.

त्यांना तेथील भाषा नीट येत नव्हती. तेव्हा ते उपदेश करीत आणि स्वतः राजा आपल्या सरदारांना त्याचा अर्थ समजावून सांगे, कारण परागंदा असताना तो आयरिश भाषा शिकला होता. राजा दुभाषी झाला आणि एका परक्या साधूचे शब्द लोकांपर्यंत पोहोचविण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

एडन शक्यतो पायीच फिरत. वाटेत भेटेल त्याच्याशी, तो श्रीमंत असो की गरीब, थांबून बोलत. सोबत चालणाऱ्यांनी रिकामे बसायचे नाही, धर्मग्रंथ वाचायचा किंवा स्तोत्रे पाठ करायची, असा त्यांचा नियम होता. राजाच्या पंक्तीला बोलावले तर दोन घास खाऊन लवकर उठत. बड्या लोकांचे चुकले तर भीडभाड न ठेवता सांगत.

डीरा भागाचा राजा ऑस्विन याने त्यांना एक उमदा घोडा भेट दिला. वाटेत एका भिकाऱ्याने हात पुढे केला, तेव्हा एडन खाली उतरले आणि सजविलेला तो घोडा त्याला देऊन टाकला. राजाला राग आला. भिकाऱ्याला देण्यासाठी साधे घोडे काय थोडे होते, असे त्याने विचारले. त्यावर एडन यांनी त्यालाच उलट विचारले, की घोडीचे शिंगरू तुला देवाच्या लेकरापेक्षा प्रिय आहे काय? राजा विचारात पडला. मग कमरेची तलवार बाजूला ठेवून त्याने एडन यांच्या पायाशी गुडघे टेकले आणि क्षमा मागितली.

एडन यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्या काळी माणसे गुरासारखी विकली जात. श्रीमंत लोक एडन यांना पैसे देत. ते पैसे ते गरिबांना वाटत किंवा अन्यायाने विकल्या गेलेल्या माणसांना सोडविण्यासाठी खर्च करीत. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सोडविलेल्यांपैकी अनेकांना त्यांनी शिष्य केले, शिकविले आणि पुरोहितपदापर्यंत नेले. काल ज्याची किंमत बाजारात ठरत होती, तो आज लोकांना धर्म सांगू लागला. तेथील बारा मुलांनाही त्यांनी शिक्षणासाठी मठात घेतले. त्यांच्यापैकी ईटा हा पुढे लिंडिसफार्नचा प्रमुख झाला.

स्त्रियांकडेही त्यांचे लक्ष होते. हिल्डा ही एडविनच्या नात्यातील. इ. स. ६२७ मध्ये तिने लहान वयात दीक्षा घेतली होती. ती परदेशी जाण्याच्या विचारात असता एडन यांनी तिला परत बोलावून कामाला लावले. पुढे व्हिटबी येथे तिने मोठा मठ उभारला. तेथे सर्वांची मालमत्ता सामाईक होती, कोणी श्रीमंत नव्हता, कोणी गरीब नव्हता. त्या मठातून पुढे पाच बिशप निघाले.

इ. स. ६४२ मध्ये ऑस्वाल्ड लढाईत पडला. इ. स. ६५१ च्या ऑगस्टमध्ये ऑस्विनचाही खून झाला. त्यानंतर बाराव्या दिवशी, ३१ ऑगस्टला, एका खेड्यातील चर्चच्या भिंतीला टेकलेल्या अवस्थेत एडन यांनी प्राण सोडला. चर्च आणि भोवतालची थोडी शेती याखेरीज तेथे त्यांचे काही नव्हते.

बीड याने इ. स. ७३१ मध्ये आपला इतिहास पूर्ण केला. ईस्टर सणाची तारीख ठरविण्याच्या बाबतीत एडन चुकले होते, असे त्याचे स्पष्ट मत होते. तरीही एडन जे शिकवीत तसेच जगत, याची साक्ष त्यानेच दिली आहे. एडन यांच्याविषयीच्या चमत्कारांच्या कथाही त्याने लिहिल्या. त्या कथा बाजूला ठेवल्या तरी या माणसाचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही.

एडविन पडला तेव्हा नवा धर्मही डळमळला होता. ऑस्वाल्ड पडला तेव्हा तसे झाले नाही. त्याच्यामागून आलेले राजे ख्रिस्तीच होते हे खरे. पण तोवर धर्म केवळ राजाच्या हातात राहिला नव्हता. तो शिकलेल्या मुलांच्या तोंडी होता, हिल्डासारख्या स्त्रियांच्या हाती होता आणि ज्यांच्या गळ्यातून गुलामीचे जोखड उतरले होते, ती माणसे गावोगाव तो सांगत होती. दीक्षा ३६ दिवसांत हजारोंना देता येते. त्या दीक्षेला शोभेल असे एक एक माणूस घडविण्यासाठी एडन मात्र सोळा वर्षे पायी चालत राहिले.