हकीम हुमामचा इशारा

बादशहा जहांगीर म्हटले की न्यायाची साखळी, काश्मीरच्या बागा आणि सुंदर चित्रे आठवतात. आपल्या आत्मचरित्रात मात्र त्याने स्वतःच्या दारूच्या व्यसनाची कहाणीही न लपवता लिहून ठेवली आहे.

१५६९ मध्ये फतेहपूर सिक्री येथे जन्मलेल्या या शहजाद्याचे नाव सलीम. लहानपणी औषध म्हणून दिलेले थेंब सोडले तर अठराव्या वर्षापर्यंत तो दारूला शिवला नव्हता. अटकजवळच्या छावणीत एकदा शिकारीहून तो दमून आला. एका पेल्याने थकवा जाईल, असे एका तोफचीने सुचवले. दीड पेला गोड मद्य आले आणि त्याला ते आवडले. पुढे द्राक्षाच्या मद्याची नशा पुरेना, म्हणून अर्क सुरू झाला. नऊ वर्षांत मजल दोनदा गाळलेल्या कडक दारूच्या रोजच्या वीस पेल्यांवर गेली. जेवण घटले. हात इतके थरथरू लागले की पेला दुसऱ्याने ओठांना लावावा लागे.

अखेर सलीमने दरबारातील हकीम हुमामला बोलावले. शहजाद्यासमोर हकिमाने भीड धरली नाही. असेच चालले तर सहा महिन्यांत इलाज उरणार नाही, असे त्याने सांगितले. सलीमने ऐकले. सात वर्षांत वीस पेले सहावर आले. पण त्याच काळात अफूमिश्रित माजूमचे प्रमाण वाढले.

त्याचे भाऊ वाचले नाहीत. मुराद १५९९ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर, जालन्याच्या परिसरात गेला. त्यानंतर काही वर्षांनी दानियाल बुऱ्हाणपूरला गेला. अकबराने त्याच्यावर पहारा बसवला, तेव्हा त्याच्यासाठी बंदुकीच्या नळीत दडवून दारू आणली गेली. गंज मिसळलेली तीच दारू त्याच्या जिवावर बेतली. दोघांनीही पस्तिशी गाठली नाही.

१६०५ मध्ये तख्तावर येताच जहांगीरने बारा फर्माने काढली. त्यांतले एक दारू बनवण्यावर आणि विकण्यावर बंदी घालणारे होते. आपण स्वतः पितो, याची कबुलीही त्याने तिथेच दिली. बादशहाचा हुकूम मुलुखावर चालला, स्वतःच्या पेल्यावर नाही.

पुढे दम्याने प्रकृती ढासळली, तेव्हा नूरजहाँने हळूहळू त्याची दारू कमी केली. १६२६ मध्ये मुलगा परवेझही दारूपायी बुऱ्हाणपुरातच गेला. पुढच्याच वर्षी काश्मीरहून परतताना वाटेत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी जहांगीरने प्राण सोडला.

हात थरथरणे, भूक मरणे या खुणा आजचे डॉक्टरही ओळखतात. अशा अवस्थेत दारू एकदम तोडली तर जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. एका नशेच्या जागी दुसरी आणणे हा इलाज नव्हे. रमजान संयम शिकवतो. पण घरातल्या कुणाचा हात थरथरू लागला असेल, तर त्याला हकीम हुमामसारखे भीड न धरता सांगणारे माणूसही लागते.