पीतकंठी चिमणी ते डीएनए

एका पीतकंठी चिमणीने डॉ. सलीम अली यांच्या आयुष्याला दिशा दिली. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम यांचे मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. एअरगनने टिपलेली ती अनोळखी चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तेथे सचिव मिलार्ड यांनी त्यांना जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला.

विद्यापीठाची पदवी नसल्याने पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी नोकरी त्यांना मिळाली नाही. बर्लिनमध्ये स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परतले, तर हातची नोकरीही गेलेली. तेव्हा किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. पुढे हैदराबाद, त्रावणकोर आदी संस्थानांत पक्ष्यांचे सर्वेक्षण करून नमुने जमविले. १९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले. वांद्र्याच्या पाली हिलवर राहणाऱ्या या पक्षितज्ज्ञाचे २० जून १९८७ रोजी निधन झाले.

आज अंटार्क्टिकातील पेंग्विनांच्याही पेशींतील मायटोकाँड्रियाचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचता येतो. तरीही संग्रहालयांतील जुने नमुने निरुपयोगी ठरलेले नाहीत. त्यांच्या पायाच्या तळव्याच्या कणभर तुकड्यातूनही डीएनए मिळतो. हिमालयातील थ्रश पक्ष्याची एक नवी जात २०१६ मध्ये सिद्ध झाली, ती त्याचे गाणे, डीएनए आणि असे जुने नमुने ताडूनच. तिचे शास्त्रीय नाव आहे ‘झूथेरा सलीमअलीआय’. पदवीवाचून अडलेल्या माणसाचे नाव शास्त्राने असे कायमचे नोंदवून ठेवले.