सर आशुतोष मुकर्जी : कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरु

कुलगुरु हा शब्द उच्चारला की पदवीदान समारंभात झगा घालून बसलेली एक गंभीर मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. वर्षातून एकदा भाषण करावे, पदव्यांवर सही करावी, याहून त्या पदाचे फारसे काही काम नसावे, अशीच आम्हां विद्यार्थ्यांची समजूत असते. सर आशुतोष मुकर्जी यांचे चरित्र वाचू लागलो तेव्हा ती समजूत पार मोडली. न्यायालयात दिवसभर न्यायदान करावे आणि सायंकाळी विद्यापीठाच्या कचेरीत येऊन रात्रीपर्यंत कागद पाहावेत, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. आणि कुलगुरुपदासाठी त्यांस एक पैचेही वेतन नव्हते.

आशुतोषांचा जन्म 29 जून 1864 रोजी कलकत्त्यात झाला. वडील गंगाप्रसाद हे भवानीपूर भागातील नामांकित डॉक्टर, आई जगत्तारिणी देवी. ज्या विद्यापीठाशी आशुतोषांचे नाव कायमचे जोडले जावयाचे होते ते त्यांच्याहून अवघे सात वर्षांनी मोठे. मुंबई व मद्रास येथील विद्यापीठांबरोबरच 1857 मध्ये ते स्थापन झाले होते. गणित हा आशुतोषांचा पहिला प्रेमविषय. कॉलेजात शिकत असतानाच, 1881 साली, युक्लिडच्या एका सिद्धांतावरील त्यांचा लेख इंग्लंडातील गणितविषयक नियतकालिकात छापून आला. 1885 मध्ये गणितात व लगेच पुढील वर्षी पदार्थविज्ञानात ते एम. ए. झाले. त्याच वर्षी त्यांस प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. हे प्रेमचंद म्हणजे मुंबईचे तेच व्यापारी, ज्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला.

गणिताचे प्राध्यापक होऊन संशोधनात आयुष्य घालवावे, ही त्यांची मनीषा फळास आली नाही. ते वकिलीकडे वळले, 1894 मध्ये कायद्याचे डॉक्टर झाले आणि 1904 मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती. परंतु विद्यापीठाचे वेड सुटले नव्हते. पंचविशीतच ते सेनेटचे सभासद झाले होते. 1891 साली त्यांनी तेथे एक ठराव मांडला : उच्च परीक्षांत विद्यार्थ्याच्या मातृभाषेस स्थान असावे. ठराव फेटाळला गेला. हा पराभव वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आशुतोष तो विसरले नाहीत.

1906 मध्ये ते कुलगुरु झाले, तो काळ मोठा चमत्कारिक होता. लॉर्ड कर्झनच्या 1904 च्या विद्यापीठ कायद्याने सरकारचा हात विद्यापीठावर पक्का बसला, म्हणून देशभक्त संतापले होते. वंगभंगाची आग पेटलेली होती. सरकारी विद्यापीठावर बहिष्कार घालून स्वतंत्र राष्ट्रीय शिक्षण परिषदही त्याच वर्षी निघाली. अशा वेळी सरकारने नेमलेला कुलगुरु हा लोकांच्या दृष्टीने सरकारचाच माणूस. आशुतोषांनी मात्र त्याच कायद्यातील एक कलम हेरले. विद्यापीठाने केवळ परीक्षा न घेता स्वतः अध्यापन करावे, अशी मुभा त्यात होती. इतरांस त्या कायद्यात बेडी दिसली. त्यांस किल्ली दिसली. 1909 मध्ये विद्यापीठाचे कायद्याचे कॉलेज निघाले, निरनिराळ्या विषयांची अध्यासने निर्माण झाली.

सर्वांत मोठे काम विज्ञान कॉलेजचे. सरकारकडून पुरेसा पैसा मिळेना. तेव्हा बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी 1912 मध्ये व डॉ. रासबिहारी घोष यांनी 1913 मध्ये आपली संपत्ती विद्यापीठापुढे ठेवली. रासबिहारींची पहिली देणगीच दहा लाख रुपयांची होती. येथे एक मौज सांगितली पाहिजे. हे दोघेही बहिष्काराच्या चळवळीतील पुढारी. रासबिहारी तर राष्ट्रीय शिक्षण परिषदेचे पहिले अध्यक्ष! ज्यांनी विद्यापीठाकडे पाठ फिरविली होती त्यांनीच त्याची झोळी भरली. या पैशातून निर्माण होणाऱ्या जागांवर भारतीय प्राध्यापकच नेमावेत, अशी अट होती. 27 मार्च 1914 रोजी कॉलेजची कोनशिला बसली, तेव्हा आशुतोषांच्या कुलगुरुपदाची मुदत संपण्यास थोडेच दिवस उरले होते.

माणसे हेरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असे आमचे मत आहे. सी. व्ही. रामन हे तेव्हा सरकारी हिशेबखात्यात मोठ्या पगारावर होते. त्यांस आशुतोषांनी पदार्थविज्ञानाच्या पालित अध्यासनावर बोलाविले. परदेशात शिक्षण घेतलेले असावे, ही अट रामन मानीनात. आशुतोषांनी त्यांच्यासाठी ती शिथिल करविली. 1917 मध्ये रामन कमी पगारावर रुजू झाले. पुढे 1930 मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बसू हे कोवळे तरुणही याच कॉलेजात अध्यापक झाले. पुण्याच्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर प्राचीन भारतीय इतिहासाच्या अध्यासनावर 1917 मध्ये गेले, ते जवळजवळ वीस वर्षे तेथे होते. 1921 मध्ये म्हैसूरहून राधाकृष्णन आले. प्रांत कोणता, जात कोणती, हे आशुतोष विचारीत नसत. आणि 1919 साली बंगाली व इतर देशी भाषांस एम. ए. च्या परीक्षेत स्थान मिळाले. 1891 चा पराभव अठ्ठावीस वर्षांनी असा भरून निघाला. स्वतःच्या प्रांताबाहेर आपली भाषा शिकणाऱ्या आमच्यासारख्यांस या एका गोष्टीसाठीच ते जवळचे वाटतात.

घरी ते धोतर नेसून बसत, भेटीस कोणीही यावे. संदेश नावाची बंगाली मिठाई त्यांस अतिशय प्रिय होती. मिशा भरघोस, देह भारदस्त. लोक त्यांस बंगालचा वाघ म्हणत. आगगाडीच्या डब्यातील गोरा प्रवासी व त्याचा कोट यांची एक गोष्ट त्यांच्याविषयी सर्वत्र सांगतात, ती आम्ही मुद्दाम वगळली आहे. तीहून खरे धैर्य त्यांनी घरात दाखविले. त्यांची कन्या कमला बालवयात विधवा झाली होती. 1908 मध्ये त्यांनी तिचा पुनर्विवाह केला. आपल्याकडे अण्णासाहेब कर्वे यांस जे सोसावे लागले त्याच जातीचा विरोध त्यांच्याही वाट्यास आला.

त्यांच्यावर टीका होत नसे असे नाही. परीक्षा सोप्या झाल्या, विद्यापीठाचा पसारा तिजोरीस न पेलणारा झाला, सर्व सूत्रे एकाच माणसाच्या हाती एकवटली, हे आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतले जात. यांतील शेवटचा आम्हांस सर्वस्वी खोटा वाटत नाही.

1921 मध्ये ते पुन्हा कुलगुरु झाले, तेव्हा असहकाराची चळवळ भरात होती आणि विद्यापीठाची तिजोरी रिकामी. 1922 मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, परंतु हिशेबावर आपला ताबा राहील अशा अटींसह. प्राध्यापकांचे पगार थकलेले होते. सेनेटमध्ये आशुतोषांनी सभासदांस निक्षून सांगितले की, उपाशी राहावे, दारोदार भिक्षा मागावी, पण स्वातंत्र्य विकून हा पैसा घेऊ नये. ज्या न्यायमूर्तीस लोक सरकारचा माणूस समजत, तोच असे बोलत होता.

पुढील वर्षी मुदत संपत आली. गव्हर्नर लॉर्ड लिटन हे विद्यापीठाचे कुलपती. मार्च 1923 मध्ये त्यांनी पत्र पाठविले : आशुतोषांस पुन्हा नेमण्यास आपण तयार आहोत, मात्र त्यांनी सरकारच्या विद्यापीठविषयक धोरणास विरोध करणार नाही, असे आश्वासन द्यावे. उत्तरास दोन दिवसही लागले नाहीत. मान राखणारा कोणीही भारतीय अशा अटींवर हे पद घेणार नाही, अशा आशयाचे सविस्तर पत्र लिहून त्यांनी तो देकार अपमानास्पद म्हणून परत केला. ही पत्रे वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाली तेव्हा साऱ्या बंगालने त्यांस डोक्यावर घेतले. एप्रिलमध्ये ते कुलगुरुपदावरून उतरले.

त्याच वर्षाच्या अखेरीस हायकोर्टातूनही निवृत्त होऊन त्यांनी पुन्हा वकिली आरंभिली. डुमराव संस्थानच्या एका मोठ्या दाव्यासाठी ते पाटण्यास गेले असता तेथेच, अल्पशा आजाराने, 25 मे 1924 रोजी त्यांचा अंत झाला. साठ वर्षे पुरी होण्यास महिनाभरच उरला होता. भवानीपूरच्या घरी त्यांनी जन्मभर जमविलेले 80,000 हून अधिक ग्रंथ होते. ते पुढे त्यांच्या मुलांनी कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिले, आणि तेथे ते त्यांच्याच नावाने वेगळे ठेवलेले आहेत.