विश्लेषण : ‘अ‍ॅनोरेक्सिया’ची जगभर चर्चा घडवणारा मृत्यू… कोण होत्या कॅरन कारपेंटर?

४ फेब्रुवारी १९८३ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे आईवडिलांच्या घरी गायिका कॅरन कारपेंटर कोसळल्या. रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आले. वय अवघे ३२.

१९५० मध्ये न्यू हेवन येथे जन्मलेल्या कॅरन मुळात ड्रमवादक. भाऊ रिचर्ड यांच्यासह त्यांनी ‘कारपेंटर्स’ ही जोडी गाजवली. १९७० मध्ये त्यांचे ‘क्लोज टू यू’ अमेरिकेत अव्वल ठरले. मग ड्रममागे बसणाऱ्या कॅरन यांना मंचावर पुढे उभे राहून गावे लागले.

आजार दिसला नाही का?

दिसला, पण थकवा म्हणून. १९७५ मध्ये प्रकृती इतकी खालावली की ब्रिटन आणि जपानचे दौरे रद्द झाले. विश्रांती झाली आणि पुन्हा रेकॉर्डिंग. माणूस कामावर येतोय म्हणजे बराच आहे, हा समज तेव्हाही होताच. मानसोपचारासाठी त्या न्यूयॉर्कला गेल्या, त्या थेट १९८२ मध्ये. तोवर खूप उशीर झाला होता.

हृदयावर परिणाम का?

दीर्घ उपासमारीत शरीर स्वतःचेच स्नायू वापरू लागते. हृदय हाही स्नायूच. पोटॅशियमसारखे क्षार घटले की त्याचे ठोकेही बिघडतात. वजन वाढले तरी ही हानी लगेच भरून येत नाही. कॅरन यांचे वजन अखेरच्या काही महिन्यांत वाढले होते.

शवविच्छेदनानंतर ‘अ‍ॅनोरेक्सिया’चे नाव अमेरिकी माध्यमांत सर्वत्र पोहोचले. त्याच वर्षी रिचर्ड यांनी कॅरन यांच्या आवाजातील उरलेल्या गाण्यांचा ‘व्हॉइस ऑफ द हार्ट’ हा अल्बम प्रसिद्ध केला.