प्रोफेसर ॲडम सेज्विक

अलीकडे कित्येक विश्वविद्यालयांत पृथ्वी व अंतराळ यांचीं शास्त्रें एकाच विभागांत शिकविण्याची वहिवाट पडली आहे. अशा विभागाचे चालक आपले हेतु कागदावर मांडतात, तेव्हां त्यांतील मुख्य बहुधा हेच निघतात: संग्रह चांगला असावा, त्याला जागा योग्य असावी आणि काम पुढें नेणारे विद्यार्थी तयार व्हावे. हे हेतु नवे नाहींत. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यानें ते दोनशें वर्षांपूर्वीं मनाशीं धरले, आणि तेहि त्या शास्त्राची फारशी ओळख नसतांना.

ॲडम सेज्विक यांचा जन्म इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, डेंट नांवाच्या डोंगरी खेड्यांत, २२ मार्च १७८५ रोजीं झाला. वडील तेथील पाळक होते. घरची स्थिति बेताची होती. सेडबर येथील शाळेंतून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत गेले आणि १८०८ सालीं गणितांत पांचवे रँग्लर झाले. (परांजप्यांमुळें हा शब्द आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, म्हणून त्याचा अर्थ सांगत बसत नाहीं.) १८१० सालीं कॉलेजाचे फेलो झाल्यावर गणित शिकविण्याचें काम त्यांच्या गळ्यांत पडलें. १८१३ सालीं त्यांची प्रकृति अगदीं ढासळली, तरी तें काम सुटेना. ज्यांनीं वर्षानुवर्षें तेंच पुस्तक तेथेंच उघडून शिकविलें आहे, त्यांना हें दुःख निराळें समजावून सांगावयास नको. १८१७ सालीं त्यांनीं पाळकपणाची दीक्षा घेतली.

इतक्यांत १८१८ सालीं भूगर्भशास्त्राच्या प्रोफेसराची जागा मोकळी झाली. ही जागा लंडनच्या डॉ. जॉन वुडवर्ड यांनीं १७२८ सालीं मरतांना ठेविलेल्या पैशांतून निघाली होती. वेतन वर्षास १०० पौंड. प्रोफेसर अविवाहित असावा अशी अट. आधींचे प्रोफेसर हेलस्टोन यांनीं संग्रह वाढविला, पण व्याख्यानें दिलीं नाहींत. त्यांनीं लग्न केलें आणि जागा गेली. सेज्विक यांच्याविरुद्ध उभे असलेले गोरॅम यांना या विषयाची माहिती अधिक होती. तरी मतें पडलीं तीं सेज्विक यांना १८६ व गोरॅम यांना ५९. ही निवड न्यायाची झाली असें आम्हांस म्हणवत नाहीं. सेज्विक यांनाहि तें उमगलें असावें, कारण त्याच उन्हाळ्यांत हातोडा घेऊन ते डोंगरांत शिरले.

वृद्धापकाळीं त्यांनीं लिहून ठेविलें आहे, कीं त्या वेळीं त्यांच्या मनांत तीन आशा होत्या: विश्वविद्यालयास शोभेल असा संग्रह जमवावा, त्यासाठीं एक संग्रहालय बांधलें जावें, आणि मन लावून ऐकणारे, कामांत हात देणारे विद्यार्थी भोंवतीं मिळवावे. आरंभीं वुडवर्डसाहेबांचीं कपाटें एका कोंदट खोलींत होतीं आणि नव्या नमुन्यांच्या पेट्या उघडावयास जागा नव्हती. सेज्विक यांनीं खिशांतले पैसे घालून नमुने विकत घेतले. समुद्रकांठीं जीवाश्म खणून काढणाऱ्या प्रसिद्ध मेरी ॲनिंगबाईंचे ते गिऱ्हाईक होते. १८४० च्या सुमारास या संग्रहास विश्वविद्यालयाच्या नव्या इमारतींत ऐसपैस जागा मिळाली.

व्याख्यानें तर त्यांनीं पन्नास वर्षें दिलीं. विद्यार्थ्यांना घोड्यांवर बसवून ते रानांत नेत आणि तेथेंच शिकवीत. १८३८ सालीं न्यूकॅसल येथें शास्त्रज्ञांचें संमेलन भरलें असतां टाइनमथच्या वाळवंटावर कोळशाच्या खाणींतल्या हजारों मजुरांपुढें ते बोलले. ज्या खडकांत हीं माणसें रोज मरणाशीं गांठ घालीत, त्याच खडकांची ती गोष्ट होती.

आतां आमच्या मतें या चरित्रांतला सर्वांत मोठा प्रसंग. इंग्लंडांत जागोजाग पसरलेले गोट्यांचे व वाळूचे थर नोहाच्या काळच्या एकाच जलप्रलयानें टाकले, असें सेज्विक मानीत व शिकवीत. पुढें त्यांनींच देश पालथा घातला, तेव्हां ते थर निरनिराळ्या काळचे दिसले. १८३१ सालीं भूगर्भशास्त्र मंडळाचें अध्यक्षपद सोडतांना त्यांनीं भरसभेंत आपली चूक कबूल केली आणि तें मत सोडून दिलें. ते पाळक होते आणि अखेरपर्यंत पाळकच राहिले. वर्गांत फळ्यावरची एक चूक पुसतांना आमचा हात कसा अडखळतो, हें आम्हांस ठाऊक आहे.

त्याच वर्षीं ऑगस्टांत त्यांनीं एका बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यास वेल्सच्या डोंगरांत बरोबर नेलें. तो चार्लस डार्विन. निघण्यापूर्वीं डार्विननें सांगितलें, कीं आमच्या गांवच्या खडीच्या खाणींत एका मजुरास उष्ण देशांतला शंख सांपडला. सेज्विक म्हणाले, तो कोणीतरी टाकला असेल. खरोखरच तेथला निघाला, तर आजवर जमविलेलें सारें ज्ञान उलटेल. गुरुजींना आनंद कसा झाला नाहीं याचें मुलास नवल वाटलें, परंतु एका नवलाच्या वस्तूनें शास्त्र होत नाहीं, हें त्यास तेव्हां कळलें. गुरुहि कांहीं सर्वज्ञ नव्हते. कुम इड्वल नांवाच्या खोऱ्यांत दोघे तासन्‌तास जीवाश्म शोधीत होते. हिमनदीनें ओरखडलेले खडक व तिनें आणून टाकलेले धोंडे डोळ्यांसमोर असून दोघांसहि दिसले नाहींत. डार्विननें पुढें तें मोकळेपणानें लिहिलें आहे.

वेल्समधील त्या प्राचीन थरांस सेज्विक यांनीं १८३५ सालीं कँब्रियन हें नांव दिलें. आजच्या गणतीप्रमाणें तो काळ सुमारें ५४ कोटि वर्षांपूर्वीं सुरू झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांचा, म्हणजे त्यापुढें अगदीं कालचा. वरच्या थरांस त्यांचे मित्र मर्चिसन यांनीं सिल्यूरियन म्हटलें. दोघांच्या हद्दी एकमेकींत शिरल्या, बांधावरून भाऊबंद भांडावे तसे ते भांडले, आणि जुनी मैत्री नासली. दोघेहि गेल्यावर १८७९ सालीं लॅपवर्थ यांनीं वादाच्या थरांस ऑर्डोव्हिशियन हें तिसरेंच नांव देऊन निवाडा केला.

१८५९ सालीं डार्विनचें पुस्तक आलें तेंहि सेज्विक यांना पटलें नाहीं, आणि त्यांनीं तसें त्यास स्पष्ट कळविलें. येथें त्यांची दृष्टि अपुरी पडली, असेंच आम्ही म्हणूं. पण शिष्याशीं बोलणें तुटलें नाहीं. १८७० सालीं डार्विन केंब्रिजास आला असतां पंचाऐंशी वर्षांच्या गुरूनें त्यास मोठ्या प्रेमानें संग्रहालय दाखवावयास नेलें. प्रकृतीनें अगोदरच खचलेला डार्विन तें पाहतां पाहतां पार गळून गेला. म्हाताऱ्यास त्याचा पत्ताहि नव्हता.

२७ जानेवारी १८७३ रोजीं सेज्विक केंब्रिज येथें वारले. त्यांच्या नांवाचें नवें संग्रहालय १९०४ सालीं सातव्या एडवर्ड बादशहांनीं उघडलें. वुडवर्डसाहेबांचीं तीं जुनीं कपाटें आज तेथेंच उभीं आहेत.